शिसवाचा डांगोरा

शिसवी गिटार बाळगणाऱ्याला तिच्याबद्दल विचारलं की पहिलं उत्तर लाकडाचं येतं. "पाठ बघा, सॉलिड शिसव आहे. म्हणून तर आवाज असा खोल जातो." बारामतीत एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या तरुणांकडून हे ऐकलं आहे, इंदापुरात गॅदरिंगच्या तालमीत ऐकलं आहे. पुण्याहून नवी गिटार घेऊन एसटीनं परतणाऱ्या, तिच्यावर अजून एक गाणंही न वाजवलेल्या पोरांकडूनही ऐकलं आहे. यातलं कोणी खोटं बोलत नाही. गिटार चांगली असते, आवाजही चांगला असतो. पण त्या आवाजाचं सगळं श्रेय पाठीच्या लाकडाला देऊन टाकायचं आणि ते स्वानुभवाच्या अधिकारानं सांगायचं, याला माझी हरकत आहे. मालक सांगतो, दुकानदार त्याचं वाक्य पुढच्या गिऱ्हाइकाला ऐकवतो, ते गिऱ्हाईक काही हजार रुपये जादा मोजतं आणि घरी जाऊन तेच सांगायला लागतं. एकदा पैसे मोजल्यावर मत बदलणं कोणाला परवडतं?

आधी समोरच्याची बाजू नीट मांडतो, कारण ती पोकळ नाही. काळा शिसव, म्हणजे इंग्रजीतला इंडियन रोझवूड आणि वनस्पतिशास्त्रातला डालबर्जिया लॅटिफोलिया, हे जड आणि घट्ट लाकूड आहे. घनमीटरला साधारण सव्वाआठशे ते साडेआठशे किलो भरतं, म्हणजे गिटारीच्या पुढच्या फळीसाठी वापरतात त्या स्प्रूसच्या जवळजवळ दुप्पट. शिसवाची पातळ फळी दोन बोटांत लोंबती धरून पेरानं ठोकली तर ती ठप्प वाजून गप्प होत नाही, पितळेच्या ताटलीसारखी नादते आणि नाद रेंगाळतो. चॉकलेटी लाकडातून जाणाऱ्या जांभळ्या-काळ्या रेघांना पॉलिश चढलं की नजर हटत नाही. शिवाय परंपरेचं वजन आहे. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीची १९३१ पासून चालत आलेली डी-२८ शिसवाच्याच कुळातल्या लाकडाची. जगभरच्या वादकांनी ती वाजवली, तिच्या नकला निघाल्या, आणि 'भारी गिटार म्हणजे रोझवूड' हे समीकरण पक्कं झालं. इथवर सगळं मान्य.

आता गिटार वाजते कशी ते पाहू. तार छेडली की तिचा कंप सॅडलवरून, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या बारीक पट्टीवरून, ब्रिजमध्ये आणि ब्रिजमधून पुढच्या फळीत उतरतो. हवा हलवायचं मुख्य काम ही अडीच-तीन मिलिमीटर जाडीची फळी करते. तिच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या पट्ट्या कुठे आहेत, किती जाड आहेत, टोकांकडे कशा तासल्या आहेत, यावर तिचा स्वभाव ठरतो. पाठ आणि बाजू पेटीला आकार देतात, आतली हवा धरून ठेवतात, थोडा कंप घेतात. तीही पाठ वाजवणाऱ्याच्या पोटाला टेकून अर्धीमुर्धी दबलेली असते.

हे काही आजचं शहाणपण नाही. आजच्या क्लासिकल गिटारीचा आराखडा ज्यांनी घालून दिला त्या स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस यांनी १८६२ मध्ये एक गिटार केली. पुढची फळी नेहमीसारखी उत्तम स्प्रूसची, पाठ आणि बाजू मात्र चक्क पुठ्ठ्याच्या. आवाज मुळात कुठून येतो हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात अजून आहे. भिगवणच्या कागद कारखान्यावरून जाताना मला तोरेस आठवतात. इंदापूर तालुक्यात शिसवाची जंगलं नाहीत, पण तोरेस यांना लागला तसा कच्चा माल इथे टनांनी निघतो! पुढे १९९५ मध्ये अमेरिकेतले गिटार बनवणारे बॉब टेलर यांनी तर माल चढवण्या-उतरवण्याच्या मोडक्या लाकडी पॅलेटपासून गिटार करून दाखवली. खिळ्यांची भोकंसुद्धा लपवली नाहीत. लाकडाच्या नावापेक्षा कारागिराचा हात मोठा, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

कोणी म्हणेल, हे नामवंत कारागिरांचे खेळ झाले. ठीक. मग २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातला प्रयोग घ्या. रॉजर बकनॉल या अनुभवी कारागिरानं सहा गिटारी बनवल्या. आराखडा एक, बाकी सगळा माल एक, फरक फक्त पाठीच्या आणि बाजूंच्या लाकडाचा: ब्राझीलचा रोझवूड, भारतीय शिसव, महोगनी, मेपल, सपेली आणि अक्रोड. बावन्न गिटारवादकांना अंधुक उजेडाच्या खोलीत, डोळ्यांवर वेल्डिंगचे चष्मे चढवून त्या वाजवायला दिल्या. आवाजाला त्यांनी दिलेले गुण सहाही गिटारींना जवळजवळ सारखे आले. आणखी एकतीस जणांची वेगळी परीक्षा घेतली: दोन गिटारी वाजवा, मग तिसऱ्यांदा हातात येईल ती या दोघींतली कोणती ते ओळखा. तेही धड जमलं नाही. यंत्रानं मोजल्यावर थोडे फरक दिसले, पण ते बहुतांशी हातानं बनवताना राहणाऱ्या बारीकसारीक तफावतीचे होते. सर्वांत महाग आणि सर्वांत सहज मिळणारं लाकूड डोळे झाकल्यावर एका रांगेत बसलं.

यावर शिसववाल्यांची उत्तरं ठरलेली आहेत. पहिलं: परीक्षेत पाच-दहा मिनिटं वाजवून काय कळतं, आम्ही वर्षानुवर्षं वाजवतोय. सहवासाची किंमत मी नाकारत नाही. पण सहवास कोणाशी झाला? एका गिटारीशी. तिच्यासारखीच, फक्त महोगनीच्या पाठीची दुसरी गिटार त्याच घरात, त्याच तारा लावून, तेवढीच वर्षं कोणी वाजवलेली नसते. तुलना न करता गिटारीविषयी बोलता येतं, लाकडाविषयी नाही येत. दुसरं उत्तर: डोळ्यांवर चष्मे लावून कोण वाजवतं? कोणीच नाही, हे खरं. सुंदर पाठ मांडीवर असली की माणूस जास्त वेळ वाजवतो, हेही मी मान्य करतो. मग आनंद डोळ्यांचा आहे असं सरळ म्हणा. त्यात लाज कसली?

तिसरं उत्तर मात्र वजनदार आहे. "तुमच्या प्रयोगाचं राहू द्या. दुकानात जाऊन दहा शिसवी आणि दहा साध्या गिटारी वाजवून बघा. शिसवी सरस निघतील." निघतील, मीही पैज लावीन. पण त्याचं कारण कारखान्यात आहे. कंपनी शिसवाची पाठ लावते ती वरच्या किमतीच्या मॉडेलला. त्याच मॉडेलला पुढची फळी एकसंध, निवडक स्प्रूसची मिळते. स्वस्त गिटारीला तिथे प्लायवूड. त्याच मॉडेलला हाडाचं सॅडल आणि नट, स्वस्तातल्या गिटारीला प्लास्टिक. आतल्या पट्ट्यांवर जास्त वेळ खर्च होतो, फ्रेट घासून एका पातळीत आणले जातात, पॉलिश पातळ ठेवलं जातं, मान नीट बसवली जाते. एवढं सगळं एकत्र आल्यावर गिटार वाजणारच. मालकाच्या नजरेला मात्र यातली एकच गोष्ट ठळक दिसते, ती म्हणजे पाठ. पट्ट्या आत, अंधारात; फळीची जाडी डोळ्यांना कळत नाही; सॅडल करंगळीएवढंही नाही. म्हणून श्रेय दिसणाऱ्याला जातं. मालकाचा कान बरोबर असतो, त्यानं नेमलेला कर्ता चुकीचा असतो.

याहून मजेशीर प्रकार प्लायवूडचा. 'रोझवूड बॅक अँड साइड्स' असं वाचून घेतलेल्या मध्यम किमतीच्या कितीतरी गिटारींत शिसव असतो तो अर्ध्या-एक मिलिमीटरचा पापुद्रा. खाली साध्या लाकडाचे थर आणि गोंद. ध्वनिछिद्रातून आत डोकावलं आणि पाठीवरची बाहेरची रेघ आत त्याच जागी, तशीच उमटलेली नसली, की समजावं, पापुद्रा आहे. अशा गिटारीचे मालकही शिसवाच्या खोल नादाचं वर्णन तेवढ्याच भक्तिभावानं करतात. पापुद्र्याची पाठ वाईट असते असं नाही. आपल्याकडच्या हवेत ती उलट जास्त टिकते. पण अर्ध्या मिलिमीटरच्या शिसवातून तोच खोल नाद ऐकू येत असेल, तर तो नाद येतो कुठून, एवढा प्रश्न मालकानं स्वतःला विचारायला हवा.

मला याचं नवल अशासाठी वाटतं की आपण वाद्यांच्या बाबतीत अडाणी मुलखातले नाही. मिरज इथून काही तासांवर. तिथल्या फरीदसाहेबांचं घराणं मूळचं शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांचं. एकोणिसाव्या शतकात ते तंबोऱ्या-सतारीकडे वळले आणि मिरजेचं नाव देशभर झालं. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याला लागणारे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यातून जातात. इंदापूरची भीमाच पुढे तिकडे वाहत जाते. आता एखाद्या गवयाला तंबोरा दाखवा. भोपळ्याचा घेर तो बघेल, तबलीवर हात फिरवेल, पण तारा छेडल्यावर तोंडून पहिला शब्द निघेल तो जवारीचा. घोडीचा माथा कानसीनं किती घासला, दोरा कुठे सरकवला, यावर तंबोरा बोलतो की मुका राहतो हे ठरतं. तून लाकडाची दांडी आहे म्हणून सूर भरला, असं सांगणारा गवई मला भेटलेला नाही. उत्तम लाकडाचा तंबोरा वाईट जवारीनं भिकार वाजतो, आणि सामान्य तंबोरा चांगल्या जवारीकाराच्या हातून उठून बसतो, हे गवयांच्या पिढ्यांना ठाऊक आहे. गिटारीचं सॅडल म्हणजे तिची घोडीच. तिथे मात्र आपण पाठीचं लाकूड मोजत बसतो.

मिरजेपर्यंत जायचीही गरज नाही. तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून काटेवाडी, सणसर करत निघते, बेलवाडीला रिंगण होतं, पुढे निमगाव केतकी आणि इंदापूर. दिंडीतल्या एखाद्या पखवाजवाल्याला थांबवून विचारा. खोड खैराचं आहे की शिसवाचं हे तो सांगेल, सांगताना थोडा अभिमानही असेल, कारण जड खोडाचा पखवाज गळ्यात अडकवून पंढरपूर गाठणं सोपं नाही. पण वाद्य बोलत नसेल तेव्हा तो खोडाला दोष देत नाही. शाई उडाली का, पुडी ढिली झाली का, वादी ताणायची राहिली का, धुम्याला कणीक किती लागली, हे बघतो. पावसात भिजलेली पुडी आणि उन्हात ताणलेली पुडी यांतला फरक त्याच्या बोटांना कळतो. वाद्य कशानं बनलं आणि कशानं वाजतं हे दोन निराळे प्रश्न आहेत, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही.

उन्हापावसाचा विषय निघालाच आहे, तर शिसवी गिटारीचे बारामती-इंदापुरातले मालक ज्यावर सगळ्यात जास्त बोलायला हवेत आणि बोलत नाहीत, ती गोष्ट हीच. गिटार बनवणारे तिला पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के आर्द्रतेत ठेवा असं सांगतात. आपला पट्टा पर्जन्यछायेचा. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. मार्च-एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस-तीस टक्क्यांच्या घरात येते आणि पारा चाळिशीला टेकतो. श्रावणात हीच हवा ओलसर, दमट होते. लाकूड या फेऱ्यात रेषांच्या लांबीत फारसं हलत नाही, रुंदीत हलतं. पाठीच्या आत पट्ट्या आडव्या चिकटवलेल्या असतात; पाठ रुंदीत आकसू बघते, पट्टी तिला आकसू देत नाही, आणि ही ओढाताण असह्य झाली की लाकूड रेषेवर उभं तडकतं. सॉलिड शिसव यात सुरक्षित नाही. उलट त्याची तडक जुळवून आणणं कटकटीचं, आणि दुरुस्तीला नेहमी पुणंच गाठावं लागतं.

तडक हा शेवटचा अंक. त्याआधी गिटार सांगत असते. उन्हाळ्यात पुढची फळी बसते, तारा फ्रेटच्या जवळ येतात आणि खालच्या सुरांवर खरखर ऐकू येते. बोटपट्टी आकसते, धातूच्या फ्रेटची टोकं बाहेर येऊन हात सरकवताना टोचतात. पावसाळ्यात फळी फुगते, तारा उंच चढतात, बारचा एफ पकडताना मनगट दुखतं. आवाजात बदल झाला म्हणून मालक तारांचा ब्रँड बदलतो किंवा 'लाकूड आता उघडायला लागलंय' असं कौतुकानं सांगतो. लाकूड उघडत नसतं हो, सुकत असतं! वीसेक वर्षांत आवाज पिकतो असं म्हणणारे जाणकार आहेत, त्यांच्याशी मी इथे भांडत नाही. पण पहिल्याच मे महिन्यात ऐकू येणारा फरक पिकण्याचा नसतो.

उपाय स्वस्त आहेत. काही शे रुपयांचा आर्द्रतामापक, बंद होणारी कडक पेटी, पेटीत ओलावा देणारी छोटी डबी. उन्हात उभ्या मोटारीत गिटार ठेवायची नाही, कारण तिथल्या उष्णतेनं गोंद मऊ पडतो आणि तारांच्या ओढीनं ब्रिज उचलला जातो. एसी हवा आणखी कोरडी करतो. आपला पाण्याचा कूलर मात्र, थेट झोत अंगावर आला नाही तर, गिटारीचा मित्र ठरतो. शिसवी गिटारीच्या दहा मालकांकडून मी लाकडाचं माहात्म्य ऐकलं असेल. कूलरचा विषय एकानंही काढला नाही.

काही मालकांचं दुःख निराळंच असतं. आपली गिटार 'फक्त इंडियन' रोझवूडची, ब्राझीलची नाही! बारामतीत बसून आपल्याच देशातल्या झाडाला दुय्यम मानायचं, याला काय म्हणावं. इतिहास असा आहे: ब्राझीलनं ओंडक्यांच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि मार्टिन कंपनी १९६९-७० च्या सुमाराला भारतीय शिसवाकडे वळली. रुंद फळ्या मिळेनाशा झाल्या म्हणून तीन तुकड्यांच्या पाठीची डी-३५ त्याआधीच १९६५ मध्ये आली होती. निर्णय मालाच्या तुटवड्यानं झाले, कानांनी नव्हेत. ब्राझीलचं झाड १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या यादीत गेलं आणि तेव्हापासून त्याच्या नादाची कीर्ती किमतीबरोबर वाढतच राहिली. पुढे २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या अख्ख्या कुळावर परवान्यांची अट आली. तयार वाद्यांना तिच्यातून २०१९ च्या नोव्हेंबरअखेर सूट मिळाली. त्या मधल्या काळात कंपन्यांनी दुसरी लाकडं वापरली. लोकांनी त्यांवर गाणी वाजवली, ध्वनिमुद्रणं केली, आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणी पैसे परत मागितल्याचं ऐकिवात नाही.

इथे एक गोष्ट तिखटपणे बोलावी लागते. शिसव हळू वाढतो. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत काळ्या शिसवाची नोंद असुरक्षित म्हणून आहे. केरळात वायनाडच्या मुट्टिल भागातली बेकायदा शिसवतोड २०२१ मध्ये उघडकीला आली आणि राज्यभर गाजली. तोडलेली झाडं शंभराहून जास्त होती. ती सगळी गिटारींसाठी तोडली असं मी म्हणत नाही. फर्निचरची भूक कितीतरी मोठी आहे, आणि शिसवी पलंगाचा सोस मराठी घरांनाही कमी नाही. पण 'शिसवाला पर्याय नाही' हे वाक्य दुकानात जितक्या सहज उच्चारलं जातं, तितकीच त्या लाकडाची बोली वर जाते. काळा चष्मा लावल्यावर जो फरक सापडत नाही त्याच्यासाठी ही किंमत मला जास्त वाटते.

मग मालकांचं मत ऐकायचंच नाही का? ऐकायचं, आणि बारकाईनं. कारण त्यांना जे कळतं ते कोणत्याही प्रयोगशाळेला कळत नाही. तीन उन्हाळे काढल्यावर मान सरळ राहिली का. ब्रिजच्या मागे फळी फुगली का. सूर लावलेला रात्रभर टिकतो का, की सकाळी सहाही खुंट्या पिळाव्या लागतात. दोन तास वाजवल्यावर डावा अंगठा दुखतो का. भजनी मंडळाच्या पेटीबरोबर पांढरी चार धरली तर गिटार ऐकू येते का, की टाळांत बुडते. पाठीवर शिसवाची रेघ हललीय का, बोट फिरवल्यावर खाच लागते का. अशा प्रश्नांची उत्तरं देताना मालक अडखळतो, आठवतो, कधी कधी गिटार काढून बघतो. अशा वेळी तो खरं सांगत असतो. लाकडाचं नाव घेताना तो कधीच अडखळत नाही.

पुण्याला गिटार घ्यायला निघालेल्या बारामती-इंदापूरच्या मुलांना म्हणूनच माझं सांगणं साधं आहे. पुढची फळी एकसंध स्प्रूसची किंवा सीडरची असेल तिथे पैसे खर्च करा. ध्वनिछिद्राच्या कडेला लाकडाची रेषा वरून आत उतरलेली दिसते का बघा. पाठ डोळे मिटून निवडा. दुकानदार शिसवी मॉडेल पुढे करील तेव्हा त्याच फळीचं, महोगनी किंवा सपेलीच्या पाठीचं मॉडेल मागा, सोबत आलेल्या मित्राच्या हातात दोन्ही द्या आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहा. कोणती कोणती ते ओळखता आलं तर शिसवी घ्या, मी माघार घेतो. नाही आलं, तर उरलेल्या पैशांत हाडाचं सॅडल बसवून घ्या, कडक पेटी आणि आर्द्रतामापक घ्या, आणि तरीही चार पैसे राहिलेच तर पुढच्या मे महिन्यासाठी ठेवा. फ्रेटची टोकं घासून घ्यायला लागतील.